फॉर्मवर घोरण्याचा रकाना घाला

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य.



आमच्या नागपूरच्या सक्करदऱ्यात आशाताई घरोघरी येतात तेव्हा त्यांच्याजवळ एक छापील फॉर्म असतो. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा तो भरायचा असतो. वय, तंबाखू, दारू, आठवड्यातला व्यायाम, घरात कुणाला बीपी, शुगर, हृदयविकार आहे का, हे त्या विचारतात आणि टेप लावून कंबर मोजतात. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत आणि पुरुषाची ९० च्या आत असली तर शून्य गुण, त्यापुढे गुण चढत जातात. बेरीज चारच्या वर गेली की दवाखान्यात तपासणीला पाठवायचे. पुढच्या भागात लक्षणे येतात: दम लागणे, न जाणारा खोकला, फिट, तोंडातला न भरणारा व्रण, स्तनातली गाठ. फॉर्म विचारपूर्वक केलेला आहे आणि नागपूरच्या उन्हात तो भरत फिरणाऱ्या बायांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यात झोपेबद्दल एक अक्षर नाही. रात्री घोरता का, झोपेत श्वास अडतो का, दिवसा बसल्या जागी डोळा लागतो का, हे कुणी विचारत नाही. ते विचारले जावे, एवढ्यासाठी हे पत्र.

आपल्याकडे घोरणे म्हणजे गाढ झोप असेच धरून चालतात. लग्नघरी, रेल्वेच्या डब्यात घोरणाऱ्याला कुंभकर्ण म्हणून हसतात आणि कूस बदलतात. प्रत्यक्षात जोरात घोरणाऱ्या कितीतरी लोकांना रात्रभर खरी झोप मिळतच नाही. झोप लागली की अंगातले स्नायू सैल पडतात, घशाचेही. मानेत, जिभेच्या बुडाशी आणि घशाच्या भिंतींत चरबी साठलेली असेल तर श्वासाची वाट आधीच अरुंद असते, आणि मऊ रबरी नळीतून जोरात ओढल्यावर ती जशी आतल्या आत चिकटते तशी ही वाट मिटते. अर्धवट मिटली तर घोरण्याचा आवाज येतो. पूर्ण मिटली तर आवाज बंद होतो, आणि भिण्यासारखी वेळ तीच. छाती श्वासासाठी धडपडत असते, पण हवा आत जात नसते. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. रक्तातला प्राणवायू घसरतो, ॲड्रिनलिन उसळते, मेंदू क्षणभर जागा होतो, माणूस मोठा आवाज करून श्वास ओढतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातले काही आठवत नाही. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. तासाला पाच ते पंधरा वेळा श्वास अडला किंवा फार उथळ झाला तर सौम्य, पंधरा ते तीस वेळा मध्यम आणि तिसाच्या वर गेला तर तीव्र, अशी डॉक्टरांची मोजणी आहे. तीव्र ॲप्नियाच्या माणसाची सात तासांची झोप धरली तर रात्रभरात दोनशेहून अधिक वेळा त्याच्या हृदयाला असा धक्का बसतो.

निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत दहा ते वीस टक्के उतरतो. चोवीस तासांत रक्तवाहिन्यांना मिळणारी विश्रांती तेवढीच. ॲप्नियात ती मिळत नाही, उलट प्रत्येक अडलेल्या श्वासानंतर रक्तदाब उसळतो, आणि काही वर्षांनी तो दिवसाही चढाच राहतो. तीन-तीन गोळ्या घेऊन ज्यांचे बीपी आटोक्यात येत नाही अशा रुग्णांत हा आजार फार मोठ्या प्रमाणात सापडतो. हृदयाची लय बिघडणे, पक्षाघात, हृदय थकणे, या सगळ्यांशी त्याचे नाते सिद्ध झालेले आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने (आमच्या नागपूरच्या मेयोचा याच्याशी संबंध नाही) २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात झोपेची तपासणी झालेल्या आणि पुढे हृदयविकाराने अचानक गेलेल्या ११२ जणांचे मृत्यू कोणत्या वेळी झाले ते तपासले. एरवी असे मृत्यू सकाळच्या प्रहरी जास्त होतात. ॲप्निया असलेल्यांपैकी ४६ टक्के मात्र मध्यरात्र ते सकाळी सहा या वेळात गेले होते. ‘झोपेतच गेले, भाग्यवान होते’ असे आपण दहाव्याला बोलतो, तेव्हा मला हा आकडा आठवतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत बप्पी लाहिरी गेले आणि डॉक्टरांनी कारणांत ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्नियाचे नाव घेतले, तेव्हा मराठी घरांत हे नाव पहिल्यांदा ऐकू आले. दोन दिवस चर्चा झाली आणि विषय मागे पडला.

ॲप्नियाचे नाते साखरेशी आणि इन्सुलिनशीही आहे. इन्सुलिन हे नाव मात्र महाराष्ट्राला नवे नाही. त्याचे श्रेय बरेचसे आमच्या नागपूरकडे येते. २००४ मध्ये गेलेल्या डॉ. श्रीकांत जिचकारांनी जेवण आणि इन्सुलिन यांच्याबद्दल मांडलेला विचार डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी पुढे नेला. दिवसातून दोनदाच जेवा, ५५ मिनिटांच्या आत उठा, ४५ मिनिटे चाला, सुरुवातीला उपाशीपोटीचे इन्सुलिन आणि एचबीएवनसी तपासून घ्या, हे त्यांचे सांगणे ज्यांनी कधी जीवशास्त्राचे पुस्तक उघडले नाही अशा घरांतही पोचले. दीक्षित की आहारतज्ज्ञ दिवेकर, यावर लग्नाच्या पंगतीत वाद झालेले मी ऐकले आहेत. राज्य शासनानेही दीक्षितांना स्थूलता जनजागृतीच्या कामात सोबत घेतले होते. त्यांची पद्धत कुणाला पटो न पटो, इन्सुलिन वारंवार उसळत राहिले की शरीर त्याला जुमानेनासे होते, ही गोष्ट त्यांनी लोकांच्या तोंडी केली, आणि हे मोठे काम आहे. पण या सगळ्या वादात आपण चोवीस तासांतले जागेपणीचे तासच मोजले. काय खाल्ले, किती वेळा खाल्ले, किती चाललो, सगळे दिवसाचे. रात्री शरीरात काय चालते, याचा हिशेब कुणी मांडला नाही.

तो हिशेब असा आहे. प्राणवायू रात्रभर वरखाली होत राहिला की ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसोल चढलेले राहतात. यकृत रक्तात साखर सोडते, चरबीच्या पेशी स्निग्धाम्ले सोडतात आणि स्नायू इन्सुलिनला दाद देईनासे होतात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात २००९ मध्ये निरोगी स्वयंसेवकांना, तेही जागे असताना, पाच तास प्राणवायू कमीजास्त होणारी हवा दिली. तेवढ्यात त्यांच्या शरीराची इन्सुलिनला दाद देण्याची क्षमता १७ टक्क्यांनी घसरली. त्यांनी गोड खाल्ले नव्हते, त्यांचे वजन वाढले नव्हते. त्याआधी १९९९ मध्ये शिकागोत तरुण मुलांना सहा रात्री चारच तास झोपू दिले, तर त्यांच्या शरीराला साखर आवरेना. अपुऱ्या झोपेने भूक वाढवणारे घ्रेलिन चढते आणि पोट भरल्याची जाणीव देणारे लेप्टिन उतरते. असा माणूस दिवसभर थकलेला असतो, त्याला चालायला बळ नसते आणि संध्याकाळी गोड-तळलेल्याकडे हात जातो. वजन वाढले की मान जाड होते, मान जाड झाली की श्वास आणखी अडतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये वर्षानुवर्षे पाठपुरावा केलेल्या लोकांत वजन दहा टक्के वाढले की तासाला श्वास अडण्याचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलेले दिसले, आणि दहा टक्के उतरले की २६ टक्क्यांनी घटलेले. स्थूलता, श्वास, साखर आणि हृदय हे चार आजार नाहीत. एकातून दुसरा पोसला जातो आणि फिरून पहिल्याकडे येतो. आपण मात्र त्यांच्यासाठी चार ओपीड्या, चार केसपेपर आणि चार रांगा केल्या आहेत.

हे आपल्या मातीला परकेही नाही. सक्करदऱ्यात राजे रघुजी नगरला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. तिथे जी सुश्रुतसंहिता शिकवतात तिच्या सूत्रस्थानात मेद वाढलेल्या माणसाची लक्षणे सांगताना थोड्या श्रमाने लागणारी धाप, अति झोप आणि श्वास अडणे ही एकत्र येतात, आणि पुढे प्रमेहाच्या पिडकांपर्यंत धागा जातो. यंत्रे नव्हती तेव्हाही झोपलेल्या माणसाकडे कुणीतरी नीट पाहिले होते.

माझ्या घरातली गोष्ट सांगते, कारण ती माझ्या एकटीच्या घरातली नाही. माझ्या यजमानांचे बीपी एका गोळीवरून दोनवर आणि दोनवरून तीनवर गेले. साखर सीमारेषेवर आली. रात्री लघवीला वारंवार उठणे सुरू झाले, तर कुणी साखरेमुळे म्हणाले, कुणी प्रोस्टेटची तपासणी लिहून दिली. पेपर हातात धरून ते झोपायचे, सिग्नलला स्कूटर थांबली की त्यांची मान खाली जायची. रात्री मी जागी असायची. त्यांचा आवाज बंद झाला की मी श्वास धरून पडायची, आणि तो फिरून सुरू झाला की मला झोप लागायची. एवढ्या वर्षांत त्यांच्या आजारपणाबद्दल मला कुणी एक प्रश्न विचारला नाही. शेवटी एका तरुण डॉक्टरांनी त्यांच्याकडे न पाहता माझ्याकडे पाहून विचारले, ‘काकू, काका झोपेत घोरतात का? मध्येच गप्प होतात का?’ मग छातीला पट्टा, बोटाला चिमटा आणि नाकाशी नळी लावून घरीच एक रात्र नोंद झाली. आजार तीव्र निघाला. नाकावर मास्क लावून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र आले. रात्रीचे उठणे थांबले ते पहिल्याच आठवड्यात. श्वास अडतो तेव्हा छातीतल्या ओढीने हृदयाचा वरचा कप्पा ताणला जातो, हृदयाला वाटते अंगात पाणी जास्त झाले, आणि ते लघवी वाढवणारे संप्रेरक सोडते, हे आम्हाला तेव्हा कळले. बीपीची एक गोळी पुढे डॉक्टरांनी कमी केली.

आम्हाला यंत्र घेता आले. आमच्या मागच्या गल्लीत रात्रपाळीचा सुरक्षारक्षक राहतो, उमरेड रोडवर कोळशाचा ट्रक चालवणारे राहतात, बुधवार बाजारात भाजी लावणाऱ्या बाया राहतात. यंत्राची किंमत त्यांच्या एका महिन्याच्या कमाईच्या कितीतरी पुढे जाते, आणि मुळात त्यांना कुणी विचारलेलेच नसते.

हा आजार फक्त अगडबंब माणसांचा, अशी समजूत करून घेऊ नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात आपला स्वतःचा आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर आपण सडपातळ दिसतो आणि चरबी पोटात, यकृतात दडून बसते. म्हणून तर आपल्यासाठी जादा वजनाची रेषा बीएमआय २५ ऐवजी २३ वर आणि स्थूलतेची ३० ऐवजी २५ वर ओढली. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेहमीच्या तपासणीला आलेल्या ६५८ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. झोपेतला श्वासदोष १९.५ टक्क्यांत आणि दिवसा पेंग येण्याइतका वाढलेला आजार ७.५ टक्क्यांत निघाला. हे लोक आजारी म्हणून आले नव्हते, हे लक्षात घ्यावे. दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये देशभरातले अभ्यास एकत्र करून अंदाज दिला की काम करण्याच्या वयातल्या सुमारे १० कोटी ४० लाख भारतीयांना हा आजार असावा. त्याच वर्षी आयसीएमआरच्या पाहणीत देशात १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचे सांगितले गेले. दोन्ही आकडे जवळपास सारखे आहेत. एकासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे, दुसऱ्यासाठी फॉर्मवर एक ओळही नाही.

बायांबद्दल वेगळे लिहायला हवे. पाळी जाईपर्यंत बायकांना या आजारापासून बरेच संरक्षण असते, नंतर ते उतरते. शिवाय बाईचा ॲप्निया मोठ्याने घोरत येतोच असे नाही. सकाळी डोके दुखते, रात्री झोप तुटते, दिवसभर अंग मोडून येते, मन लागत नाही. ती दवाखान्यात गेली तर थायरॉइड, ॲनिमिया, टेन्शन अशी नावे मिळतात, आणि पुष्कळदा झोपेची गोळी मिळते. झोपेच्या काही गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात. ज्या बाईचा श्वास अडतो तिला तीच गोळी घातक ठरू शकते. पीसीओडी असलेल्या तरुण मुलींत तर इन्सुलिनचा दोष आणि ॲप्निया हातात हात घालून येतात. आणि नवऱ्याच्या झोपेची साक्ष द्यायला बायको असते, पण बायकोच्या झोपेकडे जागे राहून पाहणारा नवरा विरळा. म्हणून बाईला विचारताना प्रश्नही वेगळ्या तऱ्हेने विचारावे लागतील.

आमच्या गावाची आणखी एक अडचण आहे. मार्च सरला की नागपुरात घरोघरी कूलर लागतात आणि जूनपर्यंत रात्रभर घरघरत राहतात. त्या आवाजात शेजारच्या माणसाचा श्वास थांबलेला कळत नाही. पूर्वी सगळे घर गच्चीवर झोपायचे तेव्हा कोण कसा झोपतो हे चार घरांना ठाऊक असे. आता खोल्यांची दारे लागली. म्हणून आशाताईंनी विचारायची वेळ हिवाळ्यातली ठेवली तर उत्तर जास्त खरे मिळेल, असे मला वाटते.

आमच्या खाण्याबद्दलही बोलले जाते. सकाळी तर्री-पोहे, संध्याकाळी समोसा, रविवारी सावजी. ही चव घडली तेव्हा माणसे मागावर आणि गिरणीत दहा-दहा तास उभी राहायची. जमशेदजी टाटांची १८७७ ची एम्प्रेस मिल बंद पडून दोन दशके झाली, हातमाग कधीच मागे पडले, त्या कामगारांच्या नातवंडांची कामे खुर्चीवरची किंवा मोटारसायकलवरची आहेत. तेल कमी करा हे सांगणे बरोबरच आहे, आणि ते सांगायला सगळे पुढे येतात. पण जाड माणसाला ‘आधी वजन कमी करून या’ म्हणून दारातून परत पाठवणे हा उपचार नाही. ज्याला रात्री झोपच मिळत नाही तो पहाटे उठून सक्करदरा तलावाला फेऱ्या कशा मारणार? त्याचा श्वास आधी मोकळा करा, मग त्याच्याकडून चालण्याची अपेक्षा ठेवा. शिवाय लाज वाटायला लागली की माणूस घोरण्याबद्दल बोलतच नाही.

आता मागण्या. पहिली सगळ्यांत स्वस्त आहे. फॉर्मवर तीन प्रश्न घाला: बंद दारातून ऐकू येईल इतके घोरता का, झोपेत श्वास थांबल्याचे घरातल्या कुणी पाहिले आहे का, दिवसा बसल्या बसल्या झोप लागते का. दुसरा प्रश्न घरातल्या माणसाला विचारा. ज्या टेपने कंबर मोजतात त्याच टेपने मान मोजा. टोरांटोच्या डॉ. फ्रान्सिस चंग यांनी २००८ मध्ये आठ प्रश्नांची जी सोपी चाचणी जगाला दिली तिच्यात ४० सेंटिमीटरच्या वरची मान ही धोक्याची खूण आहे. मान मोजतानाच तिच्या मागच्या बाजूची कातडी काळी, जाड, मखमली झाली आहे का तेही बघता येईल. इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याची ती खूण असते, आणि कितीतरी आया तो मळ समजून मुलांची मान घासत बसतात. टेप एकदा मानेला लावला की दोन्ही गोष्टी कळतात.

फॉर्म केंद्राचा आहे, असे उत्तर येईल याची मला कल्पना आहे. पण आरोग्य हा राज्याचा विषय आहे. २०२२ च्या नवरात्रात आपल्याच खात्याने ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ मोहीम राज्यभर राबवली, तेव्हा दिल्लीच्या कागदाची वाट पाहिली नव्हती. मूळ फॉर्मला राज्याचा एक जोडकागद लावता येतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने हृदय सांभाळण्यासाठी सात गोष्टींची यादी केलेली होती, तिच्यात २०२२ मध्ये आठवी घातली, ती झोप. त्यांना यादी बदलावीशी वाटली, आपल्यालाही वाटावी.

नुसते विचारून सोडून दिले तर मात्र लोकांची फसवणूक होईल. घरी नेता येणारी नोंदयंत्रे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आणि जिल्हा रुग्णालयांत पुरेशी असावीत, आणि रुग्णाला एका रात्रीसाठी ती विनामूल्य मिळावीत. आमचे मेडिकल, म्हणजे नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सक्करदरा चौकातून ऑटोने थोड्या वेळाच्या अंतरावर आहे. विदर्भातूनच नव्हे तर छत्तीसगड, मध्य प्रदेशातून लोक तिथे येतात. सगळ्यांची तपासणी एकदम करा असे मी म्हणत नाही. ज्यांचे बीपी तीन गोळ्यांनीही आवरत नाही, ज्यांच्या हृदयाची लय बिघडली आहे, ज्यांना तरुण वयात मधुमेह झाला आहे आणि ज्यांचे मोठे ऑपरेशन ठरले आहे, त्यांच्यापासून सुरुवात करा. ऑपरेशनचे मुद्दाम लिहिते, कारण भूल दिल्यावर आणि नंतर वेदनाशामक औषधांच्या गुंगीत हा घसा मिटण्याची भीती जास्त असते. समृद्धी महामार्गावर ७०१ किलोमीटर सरळ गाडी हाकणाऱ्यांची, एसटीच्या चालकांची डोळे तपासणीची शिबिरे होतात. त्याच टेबलावर हे तीन प्रश्न विचारावेत, आणि ‘हो’ म्हटल्याबद्दल कुणाची नोकरी जाणार नाही अशी लेखी हमी द्यावी. हमी नसेल तर खरे उत्तर कोणी देणार नाही.

सीपॅप यंत्राबद्दल मला खरे तेच लिहायचे आहे. हे यंत्र सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये दाखवले आणि त्याने घोरणे, पेंग, रक्तदाब यांत फरक पडतो हे पक्के आहे. पण २०१६ मध्ये आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्या सुमारे २७०० रुग्णांवर मोठी चाचणी झाली, तिच्यात यंत्रामुळे पुढचे झटके कमी झालेले दिसले नाहीत. त्या रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी ३.३ तासच लावले होते. यंत्र वाटून फोटो काढल्याने काम होणार नाही. मास्क बोचतो, नाक कोरडे पडते, लाज वाटते, वीज जाते. पहिल्या तीन महिन्यांत घरी येऊन मास्क नीट बसवून देणारा तंत्रज्ञ असेल तर माणूस टिकतो, नाहीतर यंत्र कपाटावर जाते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना सीजीएचएसमधून या यंत्राचा खर्च परत मिळतो. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना रुग्णालयातल्या उपचारांभोवती बांधलेली आहे. तिच्यात घरी वापरायच्या या यंत्राला जागा करावी, आणि विकत देण्याऐवजी रुग्णालयाने ते उसने देऊन सांभाळावे. वजन उतरवणारी नवी इंजेक्शने आली आहेत, त्यांतल्या टिर्झेपॅटाइडला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये ॲप्नियासाठी मान्यताही मिळाली. ती आमच्या वस्तीच्या आवाक्यात यायची तेव्हा येतील. तीन प्रश्नांना आणि टेपला तेवढे थांबायचे कारण नाही.

डिसेंबरात अधिवेशनासाठी आपण नागपूरला येता. विधानभवनातून सक्करदरा फार लांब नाही. त्याच दिवसांत एक बुधवार निवडा. आमच्या बुधवार बाजारात शेकडो माणसे येतात, विकणारी आणि घेणारी. तिथे एक टेबल, दोन आशाताई, एक बीपीचे यंत्र, साखर तपासायच्या पट्ट्या आणि टेप ठेवून या तीन प्रश्नांची चाचणी घ्या, आणि ज्यांची उत्तरे ‘हो’ येतील त्यांना मेडिकलची तारीख तिथल्या तिथे लिहून द्या. किती जण निघतात ते मोजा आणि मग राज्यासाठी निर्णय घ्या. जागा, मांडव आणि घरोघरी निरोप देणे हे आम्ही वस्तीतल्या बाया करू. आपल्या कार्यालयाकडून तारीख कळवावी, ही विनंती.

आपली,
सक्करदऱ्यातली एक रहिवासी